पहिला आकडा रागाचा, दुसरा कुणाचा? – पसंतीक्रमाचं मतदान आणि नाराज मतदार

लश्करकर | रविवार, सकाळी ११:२०

बाड्यावर बेडई खाताना सुरू झालेला वाद घरी पोचेपर्यंत मिटला नाही, म्हणून इथे आणतोय.

ग्वाल्हेरात दोन मराठी माणसं राजकारणावर बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला १२१ हा आकडा येतो. बाहेरच्यांसाठी सांगतो. ग्वाल्हेर दक्षिण म्हणजे आमचं लश्कर. २०१८च्या विधानसभेला इथे काँग्रेसचे प्रवीण पाठक भाजपचे मंत्री नारायणसिंह कुशवाह यांच्यापेक्षा १२१ मतांनी पुढे राहिले. त्याच वेळी भाजपच्याच माजी महापौर समीक्षा गुप्ता तिकीट न मिळाल्यामुळे अपक्ष उभ्या होत्या. त्यांना ३० हजारांवर मतं पडली. नोटाचीच दीड हजाराच्या वर होती.

आता घरची गोष्ट. आजोबांच्या वेळी पणती, मग ७७ साली नांगरधारी शेतकरी, मग कमळ, असा आमचा वाडा. त्या वर्षी मात्र सहापैकी चार मतं अपक्ष बाईंना गेली. काँग्रेस यावी असं एकालाही वाटत नव्हतं. "आम्हाला गृहीत धरू नका" एवढंच आपल्या पक्षाला ऐकवायचं होतं. निकालाच्या रात्री मोठे काका जेवले नाहीत. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, "आपल्याच हाताने घर पेटवलं रे" म्हणत ओट्यावर बसून राहिला.

सकाळचा वाद असा: मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायची सोय असती तर काका जेवले असते का? माझा एक मित्र म्हणतो, हो, सरळ हिशेब आहे. दुसरा म्हणतो, नाराज माणूस दुसरा आकडा लिहितच नाही. मी बँकेत आयुष्य काढलं, घटनेतलं मला कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

खवचट | रविवार, सकाळी ११:४१

काका जेवले असते. उमेदवार जेवला नसता. कुणीतरी उपाशी राहायचंच.

जिरावण | रविवार, दुपारी १२:०५

भिया, तुमच्याकडे निदान अपक्ष बाई तरी होत्या. आमच्या इंदुरात २०२४च्या लोकसभेला अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो थेट भाजपत गेला. पंजाला आयुष्यभर मत देणाऱ्यांनी करायचं काय? पक्षानेच सांगितलं, नोटा दाबा. २,१८,६७४ लोकांनी दाबलं. देशातला विक्रम. त्याआधीचा विक्रम गोपालगंजचा, ५१ हजारांवरचा. इंदुरात नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आणि तिसरा आलेला बसपाचा उमेदवार ५१,६५९ वर. भाजपचे शंकर लालवानी ११ लाख ७५ हजारांनी निवडून आले.

आता यात सव्वादोन लाख लोकांनी राग दाखवला म्हणायचं की सव्वादोन लाख कागद वाया गेले म्हणायचं? नोटाला कितीही मतं पडोत, निकाल जिथल्या तिथे. माझ्या आईने सुमित्राताई महाजनांना कमळावर आठ वेळा मत दिलेलं, तिला यातलं काही शिवलं नाही. माझे सासरे पंजावाले. ते बटण दाबून आले आणि पोहे खाताना म्हणाले, "राग नोंदवला, पण कुठल्या खात्यात जमा झाला ते कळलं नाही."

लश्करकर | रविवार, दुपारी १२:३०

बँकेच्या भाषेत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. पैसे आहेत, धनी नाही.

यारातीर | रविवार, दुपारी ३:१२

मी मेलबर्नला. मूळ नई सडक, ग्वाल्हेर. इथे अशीच मतपत्रिका भरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकसभेसारख्या सभागृहाची मतपत्रिका हिरवी असते. कार्डबोर्डच्या आडोशाला उभं राहून पेन्सिलीने प्रत्येक नावापुढे आकडा घालायचा. आठ उमेदवार असतील तर १ ते ८, सगळे चौकोन भरायचे. मोजताना आधी सगळे १ मोजतात. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर सगळ्यात खालच्याला बाद करतात आणि त्याच्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद त्यावर २ ज्याला असेल त्याच्याकडे जातो. पुन्हा मोजणी, पुन्हा खालचा बाद. आणि मत द्यायला जायलाच लागतं, नाहीतर २० डॉलर दंड. बाहेर सॉसेज भाजत असतात. शाकाहाऱ्यांनी कांदा-पाव खाऊन परत यायचं.

ही पद्धत इथे आली तीच मुळी लश्करकर म्हणतात त्या कारणाने. १९१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. लेबरविरोधी मतं राष्ट्रवादी पक्ष आणि शेतकऱ्यांचा उमेदवार यांच्यात फुटली आणि लेबरचा बावीस वर्षांचा एडविन कॉरबॉय ३४ टक्क्यांवर निवडून आला. सत्तेतल्यांनी त्याच वर्षी कायदा बदलला. म्हणजे लोकशाहीच्या प्रेमापोटी वगैरे नाही, भाऊबंदकीत शेत शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून बांध घातला.

याचा नाराज मतदारावर काय परिणाम होतो, त्याची दोन उदाहरणं. १९५५ साली लेबर पक्ष फुटला. कम्युनिस्टांवरून चिडलेले, बहुतेक कॅथलिक घरांतले लोक बाहेर पडले, त्यांनी डेमोक्रॅटिक लेबर पार्टी काढली. त्यांना १ मिळायचे थोडे, पण ते आपल्या मतदारांना सांगायचे, दुसरा आकडा लिबरल आघाडीला लिहा. लोक बहुतांशी ऐकायचे. लेबरला केंद्रात सत्तेत यायला १९७२ उजाडलं. स्वतःच्या जुन्या घरात परत जायचं नाही, पण ते घर कुणाला बांधूही द्यायचं नाही, असा तो राग.

दुसरं उदाहरण उलटं. १९९०ला पर्यावरण आणि इतर कारणांनी लेबरवर रुसलेले मतदार डेमोक्रॅट्स आणि ग्रीन्स या छोट्या पक्षांकडे गेले. लेबरच्या माणसांनी त्यांना "परत या" म्हटलंच नाही. म्हटलं, "पहिला आकडा खुशाल त्यांना द्या, दुसरा आम्हाला द्या." पहिल्या पसंतीची मतं ३९ टक्क्यांच्या जरा वर, लिबरल-नॅशनल आघाडीपेक्षा कमी, तरी बॉब हॉक पंतप्रधान राहिले. २०२२ला तर लेबरला पहिल्या पसंतीची ३३ टक्केही नव्हती आणि १५१ पैकी ७७ जागा होत्या.

म्हणजे नाराज माणूस तोच, राग तेवढाच. त्याचा दुसरा आकडा कुणी मागितला आणि कसा मागितला, यावर सरकारं ठरली.

माधवगंजची मावशी | रविवार, दुपारी ४:०८

सगळ्यांना आकडे घालायचे? नावडत्यालाही? मग मी ज्याचं तोंड बघत नाही त्याला शेवटचा का होईना, आकडा द्यायचा. हे मला पटत नाही.

यारातीर | रविवार, दुपारी ४:३१

मावशी, शेवटचा आकडा देण्यातच तर इथल्या लोकांना मजा येते. :)

पण तुमचा मुद्दा खरा आहे. इथे मत कुठेतरी जाऊन पडणारच. शेवटी दोघं उरले की तुमचा कागद त्यातल्या एकाच्या गठ्ठ्यात असतोच. माझे शेजारी तीस वर्षं लिबरल. २०२२ला पक्षावर चिडून त्यांनी आमच्या कूयाँग मतदारसंघात अपक्ष मोनिक रायन यांना १ दिला. अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग पहिल्या मोजणीत पुढे होते, पण लेबर आणि ग्रीन्सचे कागद उलगडले आणि ते पडले. लिबरल पक्षाचे संस्थापक मेंझीस यांची जागा ती! शेजारी दुसऱ्या दिवशी कुंपणाशी भेटले तर म्हणाले, "फक्त घाबरवायचं होतं." अगदी तुमच्या काकांसारखा चेहरा.

लश्करकर | रविवार, संध्याकाळी ५:०२

म्हणजे पसंतीक्रम असूनही काका उपाशी!

आकडेमोड | रविवार, रात्री ९:१५

थांबा, दोन गोष्टींची गल्लत होतेय. कूयाँगच्या शेजाऱ्यांचा उमेदवार शेवटच्या दोघांत पोचला, त्यामुळे त्यांचा २ कधी उघडलाच नाही. लश्करच्या अपक्ष बाई तिसऱ्या होत्या. त्या बाद झाल्या असत्या आणि ३० हजार कागद उघडले गेले असते.

त्या ३० हजारांत कमळाकडे परतणारे आणि पंजाकडे जाणारे यांच्यात फक्त १२२ चा फरक पडला असता तरी निकाल फिरला असता. हजार लोकांनी मिळून चारची आघाडी दिली की झालं. बंडखोर ज्या पक्षातून बाहेर पडला त्याच पक्षाकडे इतका कल नसेल असं मानायला मी तयार नाही. तेव्हा काका जेवले असते, यावर माझी सही.

पण एक सूक्ष्म गोम. पसंतीक्रम असता तर बाईंना तीसच हजार मिळाली असती कशावरून? कदाचित पन्नास मिळाली असती. "मत वाया जाईल" या भीतीने जे घरी परतले तेही मोकळेपणाने १ देऊन आले असते. मग बाई दुसऱ्या, मंत्री तिसरे, आणि मंत्र्यांचे कागद उघडले गेले असते. भीती काढून घेतली की आकडे आधीचे राहत नाहीत. जुन्या निकालावर नवा नियम लावून बघणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी.

राज्यभर बघा. त्या निवडणुकीत भाजप ४१.० टक्के, काँग्रेस ४०.९ टक्के, जागा मात्र १०९ आणि ११४. इतक्या घासून झालेल्या लढतीत रुसलेल्यांचा दुसरा आकडा म्हणजे सरकार.

जिरावण | रविवार, रात्री ९:४०

आणि पंधरा महिन्यांत ते सरकार गेलं, कारण खरे नाराज मतदार नव्हतेच, आमदार होते. त्यांना आकडे लिहावे लागले नाहीत, विमान धरलं आणि बंगळुरूला गेले.

लश्करकर | सोमवार, सकाळी ८:१०

त्याची पुढची गंमत ग्वाल्हेर पूर्वेत. २०१८ला मुन्नालाल गोयल काँग्रेसकडून, सतीश सिकरवार भाजपकडून. गोयल जिंकले. २०२०च्या पोटनिवडणुकीत तेच दोघं समोरासमोर, फक्त चिन्हं अदलाबदल! सिकरवार काँग्रेसकडून जिंकले. माझा मेहुणा तिथला मतदार. त्याने दोन्ही वेळा पंजाला मत दिलं आणि दोन्ही वेळा घरात भांडण झालं. त्याला सांगा आता, पहिली पसंती माणसाला द्यायची की चिन्हाला? त्या मतपत्रिकेवर तुम्ही शंभर आकडे लिहायची सोय द्या, त्याची अडचण सुटत नाही.

पुणे पदवीधर | सोमवार, सकाळी १०:२६

तुमच्या मध्य प्रदेशात विधान परिषद नाही म्हणून तुम्हाला हे नवल. आमच्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आम्ही पसंतीक्रमच लिहितो. केंद्रावर जांभळं स्केच पेन देतात, त्यानेच लिहायचं, खिशातलं पेन काढलं की मत बाद. आकड्यातच लिहायचं, "एक" असं अक्षरी लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली, बाद. सही केली, शेरा मारला, बाद. आणि मतदार कोण? तर सगळे पदवीधर! दर वेळी हजारोंनी मतं बाद होतात. दुसरा आकडा लिहायची सक्ती नाही, एक लिहून थांबता येतं.

नाराजांबद्दल म्हणाल तर २०२२ची राज्यसभा आठवा. सहा जागा, सात उमेदवार. पहिल्या पसंतीत शिवसेनेचे संजय पवार ३३, भाजपचे धनंजय महाडिक २७. निवडून आले महाडिक. कारण भाजपच्या पहिल्या दोघांना ४८-४८ मतं दिलेली, त्यातली कोट्यावरची, म्हणजे निवडून यायला लागतात त्याहून जास्तीची, वरकड दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे उतरली. हे गणित ज्याला जमलं त्याने जागा काढली. अपक्ष आणि छोटे पक्ष कुणावर रुसले होते त्याची चर्चा नंतर महिनाभर चालली. दहाच दिवसांनी विधान परिषद झाली. तिथे मतदान गुप्त, राज्यसभेला पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवावं लागतं. गुप्त म्हटल्यावर मतं आणखी फुटली, आणि त्या रात्री सुरतेच्या दिशेने गाड्या निघाल्या. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

सांगायचं काय, तर नाराज माणूस दुसरा आकडा कसा लिहितो हे तो आकडा कोण बघतंय यावरही ठरतं.

खवचट | सोमवार, सकाळी १०:४०

पदवी आहे पण १ लिहिता येत नाही. पुणेकरांनीच सांगितलं हे बरं झालं, आम्ही म्हटलं असतं तर धागा पेटला असता.

माधवगंजची मावशी | सोमवार, दुपारी २:५०

मला या विषयातलं एकच माहीत आहे, पण ते आतड्यातलं आहे. १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. मी तेव्हा मॅट्रिकला. वडील चिंतामणराव देशमुखांचे भक्त. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस! जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलेलं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, आणि इंदिराबाई म्हणत होत्या, सदसद्विवेकाने मत द्या. म्हणजे अपक्ष उभ्या असलेल्या व्ही. व्ही. गिरींना द्या. स्वतःच्याच पक्षाचा उमेदवार पाडायला पंतप्रधान निघालेल्या. नाराजी याहून मोठी कुठली?

वडील रेडिओला कान लावून. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, आपले चिंतामणराव १,१२,७६९. वडिलांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग कळलं की अजून संपलं नाही, कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, खालच्यांचे कागद वाटायचे आहेत. वडिलांनी पुन्हा आवाज वाढवला. "आता आपला माणूस ठरवणार," म्हणाले. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आकडे माझ्याकडे वडिलांच्या वहीत आहेत, त्यावरून लिहिले. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की हरलेला माणूस पण मोजला जातो.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ३:३३

मावशी, साष्टांग. या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं तुम्ही लिहिलंत.

वहीतले आकडे वजा करून बघा. खालचे सगळे बाद होत गेले तेव्हा रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ वाढले, गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२. म्हणजे देशमुखांच्या मागचे बहुतेक लोक ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेले. पण गिरींना कोट्याला हवे होते सतरा हजारांच्या आत. दुसऱ्या पसंतीने पाचपट मिळवूनही रेड्डी पडले, कारण खरी फूट पहिल्या आकड्यातच पडून गेली होती. काँग्रेसच्या नाराजांनी २ गिरींना दिला नव्हता, थेट १ दिला होता. नोव्हेंबरात पक्षच दुभंगला.

यारातीर म्हणतात दुसरा आकडा सरकार ठरवतो, हे खरं. पण दुसरा आकडा पहिल्याची भरपाई किती करू शकतो याला मर्यादा आहे, हे ६९ने दाखवलं.

रेसकोर्सवाली | मंगळवार, सकाळी ९:०५

मोठ्यांचं बोलणं वाचतेय. एक प्रश्न. आकडा लिहिणं ऐच्छिक असेल तर नाराज लोक २ लिहितात का? लश्करकर काकांच्या दुसऱ्या मित्राला कुणी उत्तरच दिलं नाही.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:४८

बरोबर पकडलंत. शेजारचंच उदाहरण घ्या, श्रीलंका, सप्टेंबर २०२४. तिथे राष्ट्राध्यक्षासाठी तीन पसंती लिहिता येतात, सक्ती नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसरी मोजणी करावी लागली. अनुर कुमार दिसानायके ४२ टक्के, सजित प्रेमदास ३३ टक्क्यांच्या जरा आत, बाकीचे बाद. त्यात रनिल विक्रमसिंगेंसारखे विद्यमान अध्यक्षही. बाद झालेल्यांची मतं सुमारे ३३ लाख. त्यातून वरच्या दोघांना मिळून आले पावणेतीन लाखांच्या आसपास. बाकी कागदांवर या दोघांसाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. बारातल्या अकरा जणांचा कागद या दोघांपर्यंत पोचलाच नाही. लश्करकरांच्या मित्राचं म्हणणं तिथे तरी बरंचसं खरं ठरलं.

यारातीर | मंगळवार, दुपारी १:२०

आणि हे ओळखून डाव टाकणारे असतात. क्वीन्सलँड राज्यात काही वर्षं दुसरा आकडा ऐच्छिक होता. उजवी मतं नॅशनल, लिबरल आणि पॉलीन हॅन्सनच्या वन नेशनमध्ये फुटलेली. २००१ला लेबरच्या पीटर बीटींनी प्रचारच केला, फक्त १ लिहा, बाकी सोडा. आपले लोक ते ऐकतातच, पण समोरचे रुसलेलेही तसंच करतात. त्यांचे कागद वन नेशनबरोबर मरतात, घरी परतत नाहीत. लेबरला ८९ पैकी ६६ जागा. सक्ती परत आणली तीही २०१६ला लेबरनेच, कारण तोवर त्यांच्यातून फुटून ग्रीन्सकडे जाणारे वाढले होते!

म्हणून मला कुणी विचारलं की ही पद्धत नाराजांच्या बाजूची की पक्षाच्या, तर मी आधी विचारतो, रिकामा चौकोन चालतो का? चालत असेल तर नाराजाच्या हातात खरा चाबूक आहे. नसेल तर त्याचा राग मोजला जातो, छापला जातो आणि मग हाताला धरून घरी आणून सोडला जातो.

जिरावण | मंगळवार, दुपारी १:३५

हे शेवटचं वाक्य सासऱ्यांना पाठवलं. त्यांचं उत्तर: "मग मला रिकामा चौकोनवाली पाठव."

लश्करकर | शुक्रवार, रात्री ११:५०

मंडळी, धाडस केलं. काल कोजागिरीला आमच्या मंडळात पुढच्या सहलीचं मतदान पसंतीक्रमाने घेतलं. दरवर्षी हात वर करून होतं आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. या वेळी दूध आटेपर्यंत चिठ्ठ्या वाटल्या. तीन पर्याय: पंढरपूर, गोवा, ओरछा.

४८ चिठ्ठ्या आल्या. एकीवर गोव्यापुढे बरोबरची खूण, एकीवर दोन ठिकाणी १. पुणेकरांना स्मरून दोन्ही बाद केल्या. उरल्या ४६.

पंढरपूर १९, गोवा १५, ओरछा १२.

ओरछा बाद. त्याच्या १२ चिठ्ठ्या दुधाच्या पातेल्याशेजारी सतरंजीवर मांडल्या. ७ गोव्याकडे, ४ पंढरपूरकडे. बाराव्या चिठ्ठीवर ओरछापुढे १, बाकी दोन्ही चौकोन कोरे, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात "बाकी तुमचं चालू द्या". ती कुठेच जाईना, बाजूला ठेवली.

पंढरपूर २३, गोवा २२.

म्हातारी मंडळी खूश, पोरं फणफणली. घरी आणून रात्री उरलेल्या चिठ्ठ्याही मी उलगडल्या, सवय जात नाही. पंढरपूरच्या १९ पैकी १६ जणांचा २ ओरछाला. तिथे रामराजा आहे ना. गोव्याच्या १५ पैकी १३ जणांचा २ सुद्धा ओरछाला. बेतवा आहे, महाल आहेत, गाडीने अडीच-तीन तासांत पोचतो. म्हणजे ज्यावर बहुतेक सगळे राजी होते ते ठिकाण सगळ्यात आधी बाद झालं! हे काय झालं?

आकडेमोड | शनिवार, सकाळी ७:३०

अलास्का झालं! ऑगस्ट २०२२, तिथली लोकसभेसारख्या सभागृहाची पोटनिवडणूक. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला ४० टक्के, रिपब्लिकन सारा पेलिन ३१, रिपब्लिकनच निक बेगिच २८ च्या जरा वर. बेगिच बाद. त्यांच्या मतदारांपैकी निम्म्यांनीच दुसरा आकडा पेलिनना दिला, तीनांत जवळजवळ एकाने पलीकडे पेल्टोलांना, आणि पाचांत एकाने चौकोन कोरा ठेवला. पेल्टोला जिंकल्या. नंतर सगळे कागद तपासले तर समोरासमोर लढवलं असतं तर बेगिच दोघांनाही हरवत होते. तुमचं ओरछा म्हणजे बेगिच.

तुमचंच मांडतो. ओरछा विरुद्ध पंढरपूर: १२ आणि गोव्याचे १३, झाले २५. समोर २१च. ओरछा विरुद्ध गोवा: १२ आणि १६, २८. समोर १८. दोन्ही कुस्त्या ओरछाच्या. पण ही पद्धत सगळ्यांचा दुसरा आवडता शोधत नाही. थोड्यांचा तरी पहिला आवडता असल्याशिवाय दुसऱ्या फेरीचं तिकीट मिळत नाही. पक्षांतही हेच होतं. दोन्ही गटांना चालणारा मवाळ माणूस पहिल्या फेरीत गळतो, आणि मग त्याच्या मतदारांना दोन रागांतून एक निवडावा लागतो.

पुणे पदवीधर | शनिवार, सकाळी ८:१५

ती बारावी चिठ्ठी आमच्याकडे पहिल्या फेरीतच बाद केली असती. मतपत्रिकेवर शेरा लिहिणं म्हणजे मतदाराची ओळख पटण्यासारखं. ओरछा ११ झालं असतं, निकाल तोच.

रेसकोर्सवाली | शनिवार, सकाळी १०:०२

निकाल तोच कसा? त्या चिठ्ठीवर गोव्याला २ असता तर २३-२३! एका माणसाच्या रुसव्यापायी आम्ही गोवा एक्सप्रेसऐवजी पंढरपूरला चाललोय. कोण आहे ते?

लश्करकर | शनिवार, सकाळी १०:२०

गुप्त मतदान आहे. अक्षर ओळखीचं वाटलं, पण सांगणार नाही. बँकेत चाळीस वर्षं सह्या तपासल्या आहेत, म्हणून तर नाहीच सांगणार.

माधवगंजची मावशी | शनिवार, दुपारी १२:४५

मी.

ओरछा मी तीन वर्षं सुचवतेय. तीन वर्षं "पुढच्या वेळी बघू". या वेळी चिठ्ठीवर नाव आलं तेही तिसऱ्या ओळीत. दुसरा चौकोन बघितला आणि मनात आलं, आता कुठेही जा. गोवा लिहायला हात गेला होता खरा, रेसकोर्सवाल्या सायलीसाठी. मग नाही लिहिलं.

लश्करकर | शनिवार, दुपारी १:०५

मावशी, ओरछाची एक दिवसाची बस मी वेगळी ठरवतो. सतराजणांची लागते. इथे आकडे नकोत, नावं लिहा.

१. लश्करकर, सपत्नीक

रेसकोर्सवाली | शनिवार, दुपारी १:०९

२. मी. मावशी, खिडकीची जागा तुमची.

खवचट | शनिवार, दुपारी १:११

३. मी. पण मतपत्रिका आणलीत तर उतरून जाईन.